जन्मदाखल्यावर मेक्सिको

वेंडेल ब्रूसार्ड रिफायनरीत शिफ्ट सुपरवायझर होता. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी तो सुपरवायझरच राहिला. फरक एवढाच की हाताखालची माणसं गेली आणि बायको तेवढी उरली.

नेल्डा, त्याची बायको, मोजकं बोलायची. दाताच्या डॉक्टरकडे पुढच्या टेबलावर बसून तिनं आयुष्यभर कण्हणाऱ्या लोकांना खुर्च्या दाखवल्या होत्या, आणि तिथं शिकलेला शांत चेहरा ती घरीही वापरायची. वेंडेलला तो चेहरा म्हणजे संमती वाटायची. ती संमती नव्हती. नेल्डाच्या आईला पुरलं त्या दिवशी खड्डा बुजवणाऱ्या दोन माणसांना वेंडेलनं फावडं कसं धरायचं ते सांगितलं होतं, आणि त्यांनी ऐकलं नाही तेव्हा कोट काढून स्वतः दाखवलं होतं. त्या दिवसापासून नेल्डाच्या मनात त्याच्याविषयी जे काही होतं त्याला राग म्हणता येत नव्हतं. रागाला निदान समोरच्याची किंमत करावी लागते.

लग्नाला चाळीस वर्षं होत होती म्हणून मेक्सिकोची बोट ठरली. गॅल्व्हस्टन बंदरातून निघायचं, दोन-तीन बेटं, बंदरं बघायची आणि परत गॅल्व्हस्टनलाच उतरायचं. नेल्डाची धाकटी बहीण कार्लीन विधवा होती, पैसे साठवून दरवर्षी कुठंतरी जायची, आणि तिच्या पासपोर्टात शिक्के मारायला जागा उरली नव्हती. ती म्हणाली, दोघांचेही पासपोर्ट काढून घ्या, पाहिजे तर मी अर्ज भरून देते.

वेंडेल हसला. पासपोर्ट म्हणजे सरकारनं मूर्खांवर बसवलेला कर आहे, असं त्याचं मत होतं. जिथून निघालो तिथंच परतणाऱ्या बोटीवर अमेरिकन माणसाला जन्माचा दाखला आणि ड्रायव्हिंग लायसन्स पुरतं. हे खरं होतं. बोट कंपनीला फोन करून त्यानं तीन वेळा खात्री करून घेतली, आणि तिसऱ्या वेळी ज्या मुलीनं त्याला पुन्हा होकार दिला तिच्याशी भांडला, कारण तिनं नियम सांगताना शब्द वेगळे वापरले.

कार्लीननं विचारलं, मध्येच कुणी आजारी पडलं, विमानानं यायची वेळ आली तर?

"मी आजारी पडत नाही," वेंडेल म्हणाला. नेल्डा पडेल की काय हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

त्याचा दाखला लुइझियानाहून मागवावा लागला, तिचा इथल्याच काउंटीच्या कचेरीत मिळाला. पण दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं आणि लायसन्सवर ब्रूसार्ड, म्हणून तिला लग्नाचा कागदही जोडावा लागणार होता. म्हणजे वेंडेलला आपण जन्मलो एवढंच सिद्ध करायचं होतं. तिला जन्मलो हेही, आणि नंतर ह्या माणसाशी लग्न केलं हेही. कचेरीतल्या खिडकीपाशी उभ्या उभ्या नेल्डाला वाटलं, दुसरी गोष्ट कुणी पुरावा मागितल्याशिवाय आपण होऊन कबूल केली नसती.

सगळे कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते त्यानं तिच्या पर्समध्ये ठेवायला दिले. घरातली प्रत्येक महत्त्वाची वस्तू तिच्याकडेच असायची. हरवली तर कुणी हरवली हा प्रश्न मग शिल्लक राहत नसे.

गॅल्व्हस्टनच्या धक्क्यावर रांग लांब होती. पुढं एक कोवळं जोडपं होतं, नुकतंच लग्न झालेलं असावं. मुलीनं टेबलावर जो कागद ठेवला तो इस्पितळानं आईला दिलेला होता, कडेनं फुलांची वेल आणि मध्ये बाळाच्या तळपायांचे काळे ठसे. टेबलामागची बाई हळू आवाजात सांगत होती की हा चालणार नाही, दाखला सरकारी कचेरीचा लागतो. मुलगी म्हणाली की नाव आहे, तारीख आहे, पायसुद्धा माझेच आहेत. मग रडायला लागली.

वेंडेल रांग सोडून पुढं गेला. आपला दाखला त्यानं नेल्डाला पाकिटातून काढायला लावला, त्यावरचा उठावाचा शिक्का मुलीच्या बोटांना लावून दाखवला, आणि मागच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा दाखला. आणि तुझा तो कागद म्हणजे भेटकार्ड आहे, पोरी. लग्न करण्याइतकी मोठी झालीस, एवढं कळायला नको?"

नवरा बिचारा विशीतला. त्याचे कान लाल झाले. नेल्डानं मुलीला कागदी रुमाल दिला. मुलीनं तो घेतला, आधी वेंडेलकडे पाहिलं, मग नेल्डाकडे, आणि दोघांसाठी तिनं तीच नजर वापरली. ती नजर नेल्डा नीट ओळखत होती. फक्त आजवर ती तिच्या मनातून वेंडेलकडे जायची, तिच्याकडे कधी आली नव्हती. बोटीत चढेपर्यंत ती ते जोडपं सामान ओढत गाडीतळाकडे जाताना पाहत राहिली.

बोटीवर वेंडेल खुशीत होता. जेवण वाढणाऱ्या इंडोनेशियन पोऱ्याला त्यानं ताट कुठल्या खांद्यावर घ्यावं ते सांगितलं, पोहण्याच्या तलावाजवळच्या माणसाला क्लोरिनबद्दल सांगितलं, आणि जो कुणी शेजारी बसेल त्याला विचारलं की पासपोर्ट काढलात का. काढलेला असला की तो दोन्ही हात पसरून मान हलवायचा, जणू समोरच्याचं घर जळालंय आणि आता काही करता येण्यासारखं नाही. नेल्डा पुस्तक घेऊन बसायची आणि पान उलटायला विसरायची.

कोझुमेल ह्या मेक्सिकोच्या बेटाला बोट सकाळी लागली. तिथून निघाली की थेट घरी. वेंडेलला धक्क्याजवळची दुकानं नको होती, ती गाढवांसाठी असतात असं तो म्हणाला. मग टॅक्सी करून ती दोघं बेटाच्या पलीकडच्या अंगाला गेली. तिथं वाळूवर झावळ्यांखाली एक बार होता, वारा जोराचा होता आणि पाण्याचा रंग खरोखरच पाहण्यासारखा होता. नेल्डानं चपला काढल्या. अर्धा तास तिला बरं वाटलं.

मग शेजारच्या टेबलावर ओक्लाहोमाची दोन जोडपी येऊन बसली. ती विमानानं आली होती, आठवडाभर हॉटेलात राहणार होती. म्हणजे त्यांच्याकडे पासपोर्ट होते. वेंडेलनं खुर्ची तिकडे ओढली.

दुपार त्यातच गेली. त्यानं त्यांना जन्मदाखल्याबद्दल सांगितलं, करांबद्दल सांगितलं, वाढणाऱ्या पोराला बाटली कशी उघडायची तेही सांगितलं. ओक्लाहोमावाल्या बायका आधी हसल्या, मग समुद्राकडे पाहायला लागल्या. नेल्डानं एकदा म्हटलं की निघायला हवं. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा टॅक्सीवाला स्वतः येऊन उभा राहिला होता आणि रस्त्याच्या दिशेनं बोट दाखवत होता.

"बस गं," वेंडेल म्हणाला. "बोट प्रवासी टाकून जात नसते. समुद्राचा कायदा आहे."

"कुठला कायदा?" ओक्लाहोमाच्या एका माणसानं विचारलं. तो टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जुना," वेंडेल म्हणाला.

नेल्डानं चपला घातल्या. आपण उठून उभ्या आहोत हे तिला उभं राहिल्यावर कळलं. वेंडेलनं तिच्याकडे न पाहता हात हलवला. "जा तू पुढं. त्यांना सांग मी येतोय."

टॅक्सीवाल्यानं वेंडेलसाठी थोडं थांबून पाहिलं, मग आरशातून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, चला. त्यानं गाडी जोरात हाणली. तिच्या पर्समध्ये वेंडेलचा दाखला होता हे तिला अर्ध्या वाटेत आठवलं. गाडी वळवावी असं एकदा मनात आलं. पण त्याला ते पटलं नसतं. बायको कागद घेऊन धावत परत आली, ह्याचा त्यानं ओक्लाहोमावाल्यांसमोर मासला म्हणून उपयोग केला असता.

धक्क्यावर माणसं संपली होती. शिडीच्या पायथ्याशी पाण्याच्या टाक्या उचलून आत नेत होते. वर दाराशी गणवेशातली एक तरुण अधिकारी हातातल्या पडद्यावर नावं तपासत होती. तिच्या छातीवरच्या पाटीवर इवाना असं होतं. नेल्डाचं कार्ड लावल्यावर तिनं विचारलं, तुमच्या खोलीतले दुसरे?

"तो म्हणाला की तो येतोय," नेल्डानं निरोप दिला.

"कुठं आहेत ते?"

"बेटाच्या पलीकडे. बारमध्ये."

इवानानं कानातल्या यंत्रात काही सांगितलं, थोडा वेळ ऐकलं, आणि नेल्डाला बाजूला घेतलं. बोट थांबणार नव्हती. अशा वेळी खोलीतल्या तिजोरीतून मागं राहिलेल्याचा पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटकडे देतात, म्हणजे त्याला विमानानं घरी जाता येतं. तेवढं लवकर करू या, ती म्हणाली.

"पासपोर्ट नाही," नेल्डा म्हणाली. "आम्ही जन्मदाखल्यावर आलोय."

इवाना क्रोएशियाची होती, समुद्रावर तिची बरीच वर्षं गेली असावीत, आणि तिचा चेहरा चांगला वळणात होता. तरी क्षणभर तो सुटला. त्या एका क्षणात तिला वेंडेलविषयी सगळं कळलं असं नेल्डाला वाटलं, आणि तिला इवानाशी सोयरीक जुळल्यासारखं झालं.

"मॅडम, त्या दाखल्यावर त्यांना विमानात बसता येणार नाही. आधी वकिलातीच्या कार्यालयात जावं लागेल, तिथून तात्पुरता पासपोर्ट. दिवस लागतील." मग ती थांबली आणि नेमक्या शब्दांत म्हणाली, "शिडी अजून लावलेली आहे. तुम्हाला उतरून त्यांच्याबरोबर थांबायचं असेल तर आत्ता उतरता येईल. सामान आम्ही काढून देऊ. काय करायचं तुम्हाला?"

खाली धक्क्यावर बंदराचा एजंट उभा होता, पन्नाशीचा, सदऱ्याला कडक इस्त्री, हातात फाइल. त्यानं वर पाहून अदबीनं मान लववली. त्याचं नाव काहुइच, हे तिला नंतर कळलं.

नेल्डानं पर्स उघडली. प्लास्टिकच्या पाकिटातून तिनं वेंडेलचा दाखला काढला. आपला दाखला आणि लग्नाचा कागद पाकिटातच राहू दिला.

"हा खाली एजंटना द्या," ती म्हणाली. "मी नाही उतरत."

"नक्की?"

"नक्की. आणि त्यांना सांगा, तो फार बोलतो. मनावर घेऊ नका म्हणावं."

शिडी काढली तेव्हा ती वरच्या मजल्यावर गेली होती. तिथं कठड्याला पुष्कळ लोक रेलून उभे होते. मागं राहिलेले लोक धावत येताना बघणं हा बोटीवरचा एक खेळ असतो. पेले हातात घेऊन उभं राहायचं, कुणी दिसलं की टाळ्या वाजवायच्या. बोट धक्क्यापासून सुटली, मधलं पाणी रुंद होत गेलं, आणि मग धक्क्याच्या लांबच्या टोकाला वेंडेल दिसला.

तो धावत नव्हता. हे नेल्डाच्या कायमचं लक्षात राहिलं. तो आपल्या नेहमीच्या चालीनं येत होता, गवताची टोपी मागं सरकवलेली, आणि रस्त्यात टॅक्सी थांबवावी तसा एक हात त्यानं वर केला होता. वर कठड्याला लोकांनी आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या, कुणी फोन काढले. वेंडेल धक्क्याच्या काठापर्यंत आला, उभा राहिला, आणि हात वरच ठेवला. एवढी मोठी बोट वळून येईल ह्याबद्दल त्याला अजूनही शंका नसावी.

नेल्डाच्या शेजारी ह्यूस्टनचा एक लठ्ठ गृहस्थ होता. "बघा तरी," तो म्हणाला. "केवढा गाढव."

"हो ना," नेल्डा म्हणाली. "असतात असे."

खोलीत येऊन ती पलंगावर बसली आणि अपराधी वाटण्याची वाट पाहायला लागली. ते वाटलं नाही. भूक लागली. तिनं जाऊन मासा मागवला, सगळा खाल्ला, आणि गोड दोनदा घेतलं. इंडोनेशियन पोऱ्यानं साहेब कुठं आहेत असं विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगितलं. पोऱ्यानं फार वाईट झालं असं तोंड केलं, आणि ताट त्याला सोयीच्या खांद्यावर घेऊन निघून गेला.

परतीचा समुद्र शांत होता. नेल्डानं पुस्तक पुरं केलं. वेंडेल आपल्याला कवडीमोल वाटतो हे तिला जुनंच माहीत होतं, त्यात काही नवीन नव्हतं. कठड्याशी बसून नवीन सुचलं ते वेगळंच. असल्या माणसाला मनातल्या मनात तुच्छ लेखत चाळीस वर्षं त्याचे सदरे इस्त्री करणारी बाईसुद्धा फार आदर करावा अशी नव्हती. धक्क्यावरच्या त्या रडणाऱ्या मुलीला ते एका नजरेत दिसलं होतं. 

गॅल्व्हस्टनला उतरताना तपासणीच्या माणसानं तिचा दाखला पाहिला, लग्नाचा कागद पाहिला, घरी आलात, असं म्हणाला. बाहेर कार्लीन गाडी घेऊन उभी होती. फोन चालू केला तर वेंडेलचे निरोप एकामागून एक यायला लागले. पहिल्यात बोट कंपनीवर खटला भरायचा होता. पुढच्यात विमानतळावरच्या मुलीची तक्रार होती, दाखला दाखवूनही ती त्याला विमानात बसू देत नव्हती. हा कागद बोटीवरून आलेल्या माणसाला बोटीवरूनच परत नेतो, विमानाला चालत नाही, असं ती म्हणत होती, आणि ह्याच कागदावर मी देश सोडला हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्यानंतरच्या निरोपांत जेवणाबद्दल होतं. कार्लीननं ते सगळे पुलावरून जाताना मोठ्यानं वाचायला लावले आणि दोनदा तिला गाडी कडेला घ्यावी लागली.

संध्याकाळी काहुइचचा फोन आला. त्याचं इंग्रजी सावकाश आणि नीटनेटकं होतं. तुमचे यजमान सुखरूप आहेत, तो म्हणाला. हॉटेल महाग म्हणून त्यांनी नाकारलं, तेव्हा आपल्या मावशीकडे खोली दिली आहे. शनिवार-रविवारची सुट्टी आल्यामुळे समोरच्या किनाऱ्यावरचं वकिलातीचं कार्यालय बंद आहे, उघडलं की आपण स्वतः फेरीबोटीनं घेऊन जाऊ. ते जेवतात व्यवस्थित. मावशीला त्यांनी घेवडा कसा शिजवायचा ते सांगितलं.

"आणि मावशी?" नेल्डानं विचारलं.

काहुइचनं जरा विचार केला. "मावशीला इंग्रजी येत नाही, देवाची कृपा आहे," तो म्हणाला.

कार्यालय उघडल्यावर तिथल्या बाईचा फोन आला. ओळख पटवण्यासाठी ती नेमके प्रश्न विचारत होती: जन्मगाव, आईचं नाव, हनुवटीच्या उजव्या बाजूला व्रण आहे का. शेवटी म्हणाली, समोर बसलेल्या गृहस्थांचा फोटो मी तुम्हाला पाठवला आहे. तो पाहून सांगा, ह्या माणसाला तुम्ही ओळखता का?

नेल्डानं फोटो पाहिला. वेंडेलची दाढी वाढली होती आणि तो कॅमेऱ्याकडे न पाहता कॅमेरा धरणाऱ्या हाताकडे पाहत होता, तो चुकीचा धरलाय अशा चेहऱ्यानं. ती तो जरा जास्तच वेळ पाहत राहिली असावी, कारण बाईनं हॅलो म्हटलं.

"ओळखते," नेल्डा म्हणाली. "नवरा आहे माझा."

तो ह्यूस्टनला उतरला तेव्हा ती न्यायला गेली. त्याच्या हातात नवा कोरा, वर्षभरापुरताच पासपोर्ट होता. तू कशी आलीस, काय झालं तिकडे, असं त्यानं विचारलं नाही. गाडीत बसता बसता तो म्हणाला की पासपोर्टाशिवाय देशाबाहेर पाऊल टाकणारा माणूस निव्वळ मूर्ख असतो. महामार्गाला लागेपर्यंत त्यानं तिला पासपोर्टाचे फायदे समजावले. काहुइच नावाचा तो एजंट अगदी ढ होता, सगळं मलाच सांगावं लागलं, हेही त्यात आलं.

वसंतात कार्लीनच्या मागच्या अंगणात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडायला सगळे जमले. लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर लालबुंद ढीग ओतला होता, कणसं आणि बटाटे मधून मधून. माणसं उभ्या उभ्या शेपट्या सोलत होती आणि वेंडेल मेक्सिकोची गोष्ट सांगत होता. डोनटच्या दुकानात आणि चर्चच्या न्याहारीला सांगून सांगून ती आता गुळगुळीत झाली होती. तिच्यात समुद्राचा कायदा राहिला नव्हता. ओक्लाहोमावाले होते, पण तेच त्याला सोडत नव्हते. आणि त्या दिवशी तिच्यात एक नवी भर पडली.

"मी नेल्डाला म्हटलं होतं, पासपोर्ट काढून घेऊ," तो म्हणाला. "पण बायकांना चार पैसे वाचवायचे असतात."

कार्लीनच्या हातातला चिमटा थांबला. नेल्डानं हात पुसले.

"वेंडेल," ती म्हणाली, "शिडी लावलेली होती."

"कसली शिडी?"

"बोटीची. त्यांनी मला विचारलं, उतरून तुझ्याबरोबर थांबायचं का. वेळ होता. मी नाही म्हटलं. तुझा दाखला काढून दिला आणि वर जाऊन तू येताना पाहिलं. लोक हसत होते. मीही त्यांच्यात होते."

 शेजारचा एक जण बिअरच्या डब्यावरची अक्षरं वाचायला लागला. नेल्डाला वाटलं की आता काहीतरी होईल. चाळीस वर्षांत ती त्याच्याशी एवढं सरळ काही बोलली नव्हती, आणि चारचौघांत तर कधीच नाही. तो पांढरा पडेल, ओरडेल, निघून जाईल, ह्यातलं काहीही चाललं असतं.

वेंडेलनं एक शेपटी सोलली, तोंडात टाकली, चावली. विचार करताना तो डोळे बारीक करायचा तसे त्यानं केले. मग त्यानं समाधानानं मान हलवली.

"तेच बरोबर होतं," तो सगळ्यांना म्हणाला. "दोघंही अडकलो असतो तर इथून कामं कुणी केली असती? एक माणूस इकडे, एक तिकडे. मी तिला तेच सांगितलं असतं. म्हणून तर तिला पुढं पाठवली."

नेल्डानं त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. बोलता बोलता ते त्याला खरं वाटू लागलं होतं, आणि घरी पोचेपर्यंत पक्कं झालं असतं. तिला त्याला दुखवायचं होतं आणि ते कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. लाकडाला टोचून रक्त काढायला निघाल्यासारखं ते काम होतं.  कार्लीननं तिच्यासमोर नवा ढीग ओतला आणि दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून सोलत राहिल्या. थोड्या वेळानं कार्लीन म्हणाली की सोमवारी पोस्टात पासपोर्टाचे अर्ज घेतात, मी गाडी घेऊन येते. नेल्डा म्हणाली, ये.

फोटो काढला, अर्ज भरला. जन्मदाखला पाकिटात घालून द्यावा लागला, तो नंतर टपालानं परत आला. पासपोर्टावर ती जशी होती तशीच दिसत होती, साठी उलटलेली आणि कुणाचं ऐकून न घेणारी. वेंडेलनं पासपोर्ट उजेडात धरून पाहिला आणि कुठं सही करायची ते तिला दाखवलं. तिनं ती आधीच केली होती.

शरद ऋतूत दोघी बहिणी लिस्बनला गेल्या. वेंडेलला कुणी चल म्हटलं नाही, आणि त्यानं डोनटच्या दुकानात सांगितलं की बायकोला थोडं जग पाहू दे म्हणून मीच पाठवलंय.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. नेल्डा आणि कार्लीन उतारावरच्या एका खानावळीत बाहेर बसल्या होत्या, भाजलेला मासा नुकताच आला होता. वॉशिंग मशीनच्या कुठल्या कप्प्यात साबण घालतात ते त्याला हवं होतं. तिनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, तिथं आता किती वाजलेत? तिनं समोरच्या घड्याळाकडे पाहून सांगितलं.

"नाही," वेंडेल म्हणाला. "चुकतेयस तू."

तो कारण सांगायला लागला. नेल्डानं फोन पालथा करून टेबलावर ठेवला, लिंबू पिळलं, आणि काटे बाजूला काढत मासा खायला लागली. फोनमधून बारीक आवाज येत राहिला. कार्लीननं भुवई उंचावून विचारलं, बंद करू का? नेल्डानं मान हलवली. बोलू दे, म्हणाली, आणि पावाचा तुकडा मोडला.